येते म्हणाली होतीस

जर्सी सिटी,
२२ नोव्हेंबर १९८७

प्रिय शरयू,

तुझं लग्न लांबणीवर पडल्याचं लतिकामावशीकडून कळलं. बारा डिसेंबरचा हॉल कॅन्सल केला म्हणे. जगन्नाथकाकांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, कन्यादानाला ओंजळ धरायची कशी, हा एक प्रश्न. त्यावर गुरुदत्तच्या आईचा पुण्याहून फोन, की मुहूर्त ठरतो न ठरतो तोच मुलीच्या बापाचा हात मोडतो हा अपशकुन आहे, मुलीची पत्रिका पुन्हा कोणाला तरी दाखवा, तोवर काही नको. हे ऐकून मी काय केलं सांगू? हसलो. व्हिडिओच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून असा हसलो की कॅसेट परत करायला आलेली बाई दोन पावलं मागे सरकली. मुलगा अमेरिकेत सिलिकॉनच्या वेफर्सवर कॉम्प्युटरच्या चिप्स करतो आणि आई पुण्यात बसून तुझ्या मंगळाला घाबरते. तुझी आई अजून सगळ्यांना सांगते की जावई वेफर्सच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि ऐकणाऱ्या बायका विचारतात, बटाट्याचे की केळ्याचे? मी कोणाची चूक दुरुस्त करत नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात, त्या चँडलरमध्ये, माणसाने वेफर्स तळण्याशिवाय करायचं तरी काय!

हे अभिनंदनाचं पत्र नाही आणि सांत्वनाचंही नाही. त्या अपशकुनाबद्दल मला काही ठाऊक आहे, ते तुला कळायला हवं. कळल्यावर तू लग्न डिसेंबरात कर, नाहीतर करू नकोस. पण ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही, म्हणून आधी मी दीड महिना काय करत होतो ते ऐक. राग आला तर पत्र फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

तू मॉरिसव्हिलच्या त्या पाइनच्या झाडांत बसून रिसर्च करतेस, तुला इथलं फोनवर कळलं तेवढंच. कुंकू दिसलं की मारायचं असं ठरवलेली पोरं इथे रस्त्यावर फिरत होती. लतिकामावशी हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून घरी येताना गाडीतून कोणीतरी तिच्या तोंडावर सोड्याचा भरलेला कॅन मारला. भुवईला तीन टाके पडले. आणि आपल्या मंडळाने काय केलं? सुरक्षा समिती! समोसे, चहा, आणि अध्यक्षस्थानी तुझे वडील. काका उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, थोडे दिवस बायकांनी टिकली लावू नये, साडी नेसून बाहेर पडू नये, दारावरच्या पाट्या काढाव्यात, उगाच डोळ्यांवर येऊ नये. त्यांनी स्वतःची पितळी पाटी तर आदल्याच दिवशी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. वीस वर्षं या देशात टॅक्स भरलेला माणूस आपलंच आडनाव ड्रॉवरमध्ये ठेवतो! मी मागच्या खुर्चीवरून ओरडलो, काका, पाटी काढलीत तशा आता बांगड्याही भरा. काका माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, बस श्रीरंग, चहा घेतलास का? मला तर त्या चहाचीच किळस आली. उठलो आणि बाहेर पडलो. तेव्हापासून मी त्यांचा उल्लेख पाटीकाका असाच करत होतो, हेही लपवत नाही.

पार्किंगमध्ये लतिकामावशीने मला गाठलं. तिची टिकली पूर्वी डाळीच्या दाण्याएवढी असायची, टाके पडल्यापासून रुपयाएवढी असते. म्हणाली, "नुसता ओरडून काय राहिला बे? मी शनिवारपासून क्लासला जाऊन राहिली. गाडीत जागा आहे." अशी आमची वरात सलग पाच शनिवार तिच्या खटारा डॅटसनमधून डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात. तिथे मासेमारीचं सामान विकणाऱ्या एका दुकानामागच्या हॉलमध्ये, भिंतीवर पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं आणि खाली आम्ही. क्लास स्वसंरक्षणाचा, शिक्षकाचं नाव वेड. थट्टा नाही, खरंच वेड. वेड क्रॉली, माजी सैनिक, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर. 'वेडने आज मला आपटलं', 'वेडच्या नादाने गुडघा गेला', अशी वाक्यं आम्ही दोघं परतीच्या वाटेवर गंभीर चेहऱ्याने बोलायचो.

त्याचं शास्त्र सांगतो. कपड्याखाली पिस्तूल बाळगणाऱ्या माणसाला वाटतं, आता आपल्याला कोण हात लावतो. वेड म्हणायचा, हात लावण्याइतका माणूस जवळ आला की पिस्तूल म्हणजे कमरेला बांधलेलं ओझं. ते काढेपर्यंत तो तुमच्या छातीवर. म्हणून आधी हात, मग पिस्तूल. डाव्या हाताने अडवा, मनगट धरून पिळा, भिंतीकडे ढकला, मधे जागा करा, आणि जागा झाल्यावरही गरज उरली तरच उजवा हात कमरेला. एकवीस फुटांवरून सुरी घेऊन धावत येणाऱ्याला दीड सेकंद लागतो, हे त्याने जमिनीवर चिकटपट्टी लावून दाखवलं. सरावाला लाल रबराची पिस्तुलं होती, रंगपंचमीच्या पिचकारीसारखी. बरोबर शिकणारे कोण, तर घामाने कायम ओला असलेला एक दातांचा डॉक्टर, आणि गालिचे विकणारे दोन भाऊ, जे सरावाच्या नावाखाली वडिलांच्या दुकानाचं भांडण मिटवून घेत होते. सगळेच्या सगळे भित्रे, आणि भित्रेपणाचं सर्टिफिकेट घ्यायला आलेले. मी सगळ्यांना हसत होतो. लतिकामावशीने तिसऱ्या मिनिटाला मला मनगटाला धरून पालथं पाडलं, तेव्हा ते सगळे हसले. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे नर्सचे बूट, आणि वरून म्हणते, "लागलं का रे बाळा?"

दुसऱ्या शनिवारची गोष्ट मात्र तुझ्याशी संबंधित आहे. त्या दिवशी धडा तोंडाचा होता. वेड दारुडा गुंड होऊन वाट अडवणार, आणि आपण हात न उचलता निसटायचं. मावशीची पाळी आली. दोन्ही तळवे पुढे, एक एक पाऊल मागे घेत, पाहुण्यांकडून निघावं तशा हसत ती म्हणाली, "ओके, ओके, आय कम. आय कम हं." वेड थबकला. म्हणाला, बाई, मी गुंड असतो तर यावर ठोसा मारला असता. तुम्ही मला 'येते बघ तुझ्याकडे' अशी धमकी देताय! मावशीने त्याला सगळं समजावून सांगितलं. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, ते अशुभ. 'येते' म्हणतात. घाबरलं की आधी मराठी सुचतं, मग तेच इंग्लिशमधून बाहेर पडतं. वेडने डोकं खाजवलं, आणि त्याच्या त्या सपाट आवाजात मला विचारलं, म्हणजे तुमच्यात कायमचा निघालेला माणूसही 'येतो'च म्हणतो? हॉल हसला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

आठवतं तुला? पंच्याऐंशीचा ऑगस्ट, जर्नल स्क्वेअर स्टेशन. तुझी ती निळी बॅग माझ्या हातात. तीन वर्षं दर शनिवारी लायब्ररीच्या एकाच टेबलाशी बसलो, एकाच डब्यातली पोळी खाल्ली, आणि मी मूर्ख काही बोललो नव्हतो. गाडी आली. तू बॅग घेतलीस, मागे वळून म्हणालीस, "येते हं." एवढंच. मी त्या एका शब्दावर दोन वर्षं काढली, शरयू. 'येते' म्हणाली म्हणजे येणार. तू गेल्यानंतरच्या तिसऱ्या सेमिस्टरला प्रोफेसर म्हणाला, तुझं लक्ष नाही. मी म्हणालो, तुमच्या विषयात लक्ष देण्यासारखं काही नाही. कॉलेज सोडून व्हिडिओच्या दुकानात उभा राहिलो, कारण तू येशील तेव्हा मी इथेच दिसायला हवा. आणि तुझ्या साखरपुड्याचे पेढे मला कोणी दिले? पाटीकाकांनी, दुकानात येऊन, जुन्या सिनेमांची कॅसेट परत करता करता. पोटार्थी कारकुनासारखा चेहरा करून म्हणाले, तोंड गोड कर रे. मी पेढा त्यांच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यांनी कॅसेटची पावती मागितली आणि गेले. पुन्हा तेच! या माणसाला राग म्हणून काही येतच नाही, असं मी ठरवून टाकलं. माझ्या लेखी जगात दोनच जाती उरल्या, मार खाणारे आणि मी.

रबराच्या पिस्तुलावर माझं समाधान होईना. वेडला म्हणालो, मला खरं हवं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, तू चिडलेला आहेस. चिडलेल्याला मी शिकवतो, बंदूक मिळवून देत नाही, आणि तुझ्या राज्यात परवान्याशिवाय ती अंगावर ठेवलीस तर थेट तुरुंग. हाही पाटीकाकांचाच भाऊ निघाला! मग गालिचेवाल्यांपैकी धाकट्याला गाठलं, आणि चौथ्या शनिवारी ते माझ्या जाकिटाखाली होतं. छोटं, काळं, पाठीला टोचणारं. मावशीलाही सांगितलं नाही. विद्यार्थी म्हणून आलेला, आता विद्यार्थी नसलेला, परवाना नसलेला मी ते घेऊन न्यूअर्क ॲव्हेन्यूवरून आठवडाभर हिंडलो, आणि शपथेवर सांगतो, आयुष्यात इतका ताठ कधी चाललो नव्हतो. येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्या लोकांकडे बघायचो आणि वाटायचं, मेंढरं आहेत. तुझ्या लग्नात येऊन मागच्या रांगेत बसायचं, काही करायचं नाही, नुसतं ते जाकिटाखाली असू द्यायचं, असाही एक विचार डोक्यात येऊन गेला. हे वाचून तुला माझी भीती वाटली, तर ती बरोबर आहे.

सात नोव्हेंबर, शेवटचा शनिवार. वेडने सगळ्यांना कागदाची सर्टिफिकिटं वाटली. मावशीने मला घराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि गाडी लावायला पुढे गेली. सहाच वाजले होते, पण घड्याळं मागे केल्यापासून सहालाच काळोख होतो. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातला बल्ब गेलेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचलो, तर वरून माझ्याच मजल्यावरून एक माणूस उतरत होता. डोक्यापासून गळ्यापर्यंत काळा लोकरी बुरखा, डोळ्यांपुरती फट. बँक लुटणारे घालतात तसला. उजवा हात कोटाच्या आत, काहीतरी घट्ट धरलेला. चेहऱ्याकडे बघू नका, हातांकडे बघा, हे वेडचं पहिलं वाक्य. मी हाताकडे बघितलं. तो हात कोटातून बाहेर यायला लागला, आणि शरयू, मी सगळं बरोबर केलं. डाव्या हाताने मनगट धरलं, पिळलं, त्याला भिंतीवर आपटलं, जागा केली. काहीतरी कट्टकन मोडलं. उजव्या हातात पिस्तूल होतं, आणि बोट जिथे नसायला हवं होतं तिथे होतं. एका क्षणात गोळी सुटणार होती. तेवढ्यात त्या बुरख्यातून, धापा टाकत, अगदी नम्र आवाज आला. "ओके, ओके. आय कम, आय कम."

या देशातल्या दुसऱ्या कोणीही ती धमकी समजून चाप ओढला असता. मी ओढला नाही, कारण असं इंग्लिश जगात फक्त आपल्याच माणसाच्या तोंडून येतं. तो मारायला येत नव्हता. तो निघायची परवानगी मागत होता. मी त्याच्या डोक्यावरचं ते ओढून काढलं. माकडटोपी होती. तुझ्या आईने विणलेली. थंडीचा पहिला वारा सुटला की काका ती घालतात आणि तू लहानपणी त्यांच्याबरोबर रस्त्याने चालायला लाजायचीस, ती. कोटातून बाहेर येत होती ती ब्रेडच्या पिशवीत बांधलेली चकली आणि कडबोळी, दिवाळीची उरलेली. मला वाटलं होतं चकल्या मोडल्या. चकल्या नव्हत्या मोडल्या.

काका पायरीवर बसले. हात मांडीवर वाकडा पडलेला. माझ्याकडे बघितलं, मग पिस्तुलाकडे, आणि पहिलं वाक्य म्हणाले, "आधी ते आत ठेव, कोणी बघेल." मग म्हणाले, "चकल्या गोळा कर, कोणाच्या तरी पायाखाली येतील." मी गुडघ्यांवर बसून अंधारात चकल्या गोळा केल्या. मावशी गाडी लावून आली, तिने हात बघितला, मग माझी कंबर बघितली, आणि मला थोबाडीत मारली. नर्सची थोबाडीत, एकच, नेमकी. गाडीत बसताना काका म्हणाले, "मी जिन्यावरून पडलो. लतिका, ऐकलंस ना? श्रीरंग, तूही ऐक. पोलीस आले तर तुझं काय होईल तुला माहीत आहे. मी पडलो." हॉस्पिटलमधल्या फॉर्मवर त्यांनी डाव्या हाताने तेच लिहिलं. शाळेतल्या पोरासारखं अक्षर आलं. त्यांच्या आतल्या खिशात आणखी एक कागद होता. माझ्या कॉलेजचा, पुन्हा प्रवेशाचा अर्ज. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात ते दोनदा जाऊन आले होते. मी विचारलं, का? तर म्हणाले, "शरयू फोनवर म्हणाली, तो दिवाळीत एकटा असेल, बाबा, बघून या." आणि मी इकडे त्यांना पाटीकाका म्हणत होतो. पिस्तूल मी दुसऱ्या दिवशी वेडसमोर टेबलावर ठेवलं. त्याने ते मोकळं केलं, गालिचेवाल्याला फोन लावला, आणि मला म्हणाला, हात मोडलास त्याचं सर्टिफिकेट मी परत घेतोय. दिलं.

आता तुला हे का लिहितोय, ते. दोन आठवडे मी गप्प होतो, आणि काकांना दिलेल्या शब्दासाठी गप्प होतो असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. तुझं लग्न लांबलं हे कळलं, तेव्हा मला वाटलं, मिटू दे, मोडू दे, तो अपशकुन फळू दे. त्यांनी माझं नाव लपवलं आणि मी त्याच लपण्याखाली बसून तुझ्या पत्रिकेवर खापर फुटायची वाट बघत होतो. यापेक्षा हलकं माणसाने काय करायचं असतं मला माहीत नाही, आणि मला पुष्कळ हलके लोक माहीत आहेत, दीड महिनाभर मी त्यांची यादीच करत होतो. तेव्हा हे पत्र गुरुदत्तला दाखव, त्याच्या आईला वाचून दाखव. अपशकुन बिपशकुन काही नाही, अपशकुनाचं नाव श्रीरंग. तुझ्या मंगळाने काही केलेलं नाही. प्लास्टर दहा डिसेंबरला काढणार आहेत, डॉक्टरांना मी स्वतः विचारलंय, ओंजळ धरता येईल, थोडं दुखेल. हॉलच्या मॅनेजरला मी भेटलो, बारा तारीख अजून कोणाला दिलेली नाही. काकांनी हे सगळं मी लिहिलं म्हणून रागवायचं ठरवलं तर बरंच होईल, एकदा तरी रागावू दे त्यांना. अर्ज भरून दिलाय, त्यावर काय होतं ते देव जाणे. तुमच्या दारावर काल पाटी परत लागली. स्क्रू मी पिळले, काका नुसते प्लास्टरचा हात वर धरून सांगत होते, डावीकडे, अजून थोडी डावीकडे. आणि तू स्टेशनवर जे म्हणालीस, त्याचा अर्थ 'जाते' एवढाच होता. तो कळायला मला दोन वर्षं आणि तुझ्या वडिलांचं एक मनगट लागलं. सगळी पत्रं मी 'तुझाच' अशी संपवायचो, पाठवायचो नाही, पण संपवायचो तशीच. या एका पत्रातला 'च' मी खोडलाय, डाग पडला आहे, तो तसाच राहू दे.

येतो, शरयू.

तुझा
श्रीरंग